बाई गायब

३ एप्रिल २०२५, गुरुवार, नवापूर
उच्छलकडचा एक गायक पेनड्राइव्ह घेऊन आला. रोडालीचं, म्हणजे लग्नात नाचायचं गाणं, मिक्स दुसरीकडे झालेलं. तक्रार एकच: "भाऊ, हेडफोनमध्ये लय भारी वाजतं. पण डीजेच्या गाडीवर लावलं का बाई गायब. नुसता ढोल आणि पॅड." लगीनसराई तोंडावर, म्हणजे गाणं लवकर गाड्यांवर चढायला हवं.

फाइल उघडली. डावं-उजवं किती जुळतं ते दाखवणारा कोरिलेशनचा काटा उणे बाजूला आडवा पडलेला. बाईचा आवाज एकाच माइकवर घेतलेला, डावीकडे सरळ आणि उजवीकडे त्याचीच नक्कल उलट्या पोलॅरिटीत. हेडफोनमध्ये आवाज डोक्याबाहेर गेल्यासारखा भासतो. पहिल्यांदा ऐकणारा खूश होणारच. पण डावं-उजवं एकत्र केलं की अधिक एक आणि उणे एक, बाकी शून्य. मागे उरते ती रिव्हर्बची शेपटी.

डीजेची गाडी बहुधा मोनोच, म्हणजे डावं-उजवं एकत्र करूनच वाजवते, आणि ते बरोबरच आहे. नाचणारे गाडीच्या चारी बाजूंना पसरलेले. डावा स्पीकर कोणाचा आणि उजवा कोणाचा?

४ एप्रिल, शुक्रवार
त्या गायकाला फोनवर सांगितलं, आवाज पुन्हा घ्यावा लागेल. "प्लगइनने रुंद नाही होणार का?" त्याचं उत्तर देताना मला अॅलन ब्लुमलाइन आठवला. लंडनच्या ईएमआय कंपनीतला हा इंजिनिअर १९३१ साली अठ्ठावीस वर्षांचा होता. सिनेमात नट पडद्यावर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जातो, पण आवाज मात्र एकाच जागेवरून येतो, हे त्याला खटकलं. त्या वर्षीच्या १४ डिसेंबरला त्याने पेटंटसाठी अर्ज केला, क्रमांक ३९४३२५. आजचा स्टिरिओ बराचसा त्या कागदांतून आलेला आहे. १९४२ च्या जूनमध्ये रडारची चाचणी चालू असताना विमान कोसळून तो गेला.

एफएल स्टुडिओच्या मिक्सरमधला सेपरेशनचा नॉब त्याचंच गणित करतो. डावं अधिक उजवं म्हणजे मिड, डावं वजा उजवं म्हणजे साइड. साइड वाढवली की गाणं पसरतं. पण एका माइकवर घेतलेल्या आवाजात दोन्ही बाजू सारख्याच, वजाबाकी शून्य. नॉब कितीही फिरवला तरी शून्याचं शून्यच राहतं. म्हणून रुंद करणारे प्लगइन आधी फरक बनवतात: एका बाजूला उशीर, फेजची उलथापालथ, किंवा सूर किंचित वर-खाली. फरक खोटा असला की मोनोत त्याची किंमत मोजावी लागते.

७ एप्रिल, सोमवार
ढोलावर हासचा प्रयोग. हेल्मुट हासने १९४९ च्या सुमारास ग्योटिंगेनला मोजून दाखवलं होतं की, पाठोपाठ आलेले दोन सारखे आवाज पाच ते तीस मिलिसेकंदांच्या अंतरात असतील तर कान त्यांना एकच समजतो, आणि दिशा आधी आलेल्याची धरतो. मागचा दहा डेसिबलने मोठा असला तरी तो वेगळा ऐकू येत नाही. 

उजव्या बाजूला दहा मिलिसेकंद उशीर दिला आणि ढोल अंगणभर झाला. मग मोनोचं बटण दाबलं. दहा मिलिसेकंद उशिराचा आवाज मूळ आवाजात मिसळला की ५०, १५० आणि २५० हर्ट्झला खड्डे पडतात. ढोलाचा घुमारा नेमका याच भागात असतो. नाचणाऱ्याच्या पोटात बसणारा ठोका निघून गेला, वर काठीची टकटक तेवढी राहिली. ढोल मधोमध, विषय संपला.

९ एप्रिल, बुधवार
आज गायला बाया आल्या. लग्नात एक गट ओळ उचलतो आणि दुसरा ती झेलतो, तसंच खोलीत उभं केलं: दोन गट, दोन माइक, एक डावीकडे, एक उजवीकडे. पत्र्याचं छप्पर तापलेलं, आवाज नको म्हणून पंखा बंद. पाण्याचा माठ दुपारीच रिकामा झाला.

मग प्रत्येक गटाकडून तेच पुन्हा गाऊन घेतलं. एका मावशींचा सूर दर वेळी जरासा वर जातो, एक ताई शब्द थोडा उशिरा सोडते. तिच्या सोबत आलेला मुलगा म्हणाला, "ट्यून मारा ना भाऊ, सरळ होईल." मुळीच नाही. डावं आणि उजवं वेगळं ठेवणारा खरा फरक हाच आहे, आणि तो एकत्र केला तरी कोणी कोणाला खोडत नाही.

मधेच मालगाडी गेली, टेक थांबवावा लागला. आमच्या स्टेशनची गंमत बाहेरच्यांना सांगावी लागते: फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत, आणि एका बाकाच्या मधोमध राज्याची हद्द. आजच्या निम्म्या बाया हद्दीपलीकडच्या होत्या. गाण्याला त्याचं काही नाही.

१२ एप्रिल, शनिवार
मिक्स. मुख्य आवाज आणि ढोल मध्यात, १२० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो. बायांचे गट दोन टोकांना. थाळी थोडी उजवीकडे, कीबोर्डची सनई थोडी डावीकडे. पॅड मात्र हवं तेवढं पसरवलं. मोनोत ते दबलं तरी नाचाचं काही अडत नाही. कोणाला रुंद करायचं हे ठरवताना मी एवढंच बघतो, की ते नसलं तर गाणं चालेल का.

शेवटी फोनच्या स्पीकरवर, अगदी हळू आवाजात ऐकलं. बाई ऐकू येते.

१५ एप्रिल, मंगळवार
गाडीवर लावून पाहिलं. ऑपरेटर मोबाइल धरून उभा, लगेच व्हिडिओ. "बाई आली भाऊ! पण पॅड बारीक झालं." म्हटलं, ते होणारच होतं. त्याने दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाला, "पॅडचं जाऊ द्या. बास अजून दोन पॉइंट वाढवून द्या, रविवारी लग्न आहे."