मुलांनाही लकवा होतो



लकवा म्हटलं की आपल्याला घरातले आजोबा आठवतात. बीपी, शुगर, उतारवय. पण मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होणं किंवा फुटणं हे लहान मुलांमध्येही घडतं, अगदी पोटातल्या बाळालाही. प्रमाण कमी आहे, म्हणून ते कुणाच्या मनातच येत नाही आणि मोलाची वेळ निघून जाते.

माझ्या धाकट्या बहिणीच्या सात वर्षांच्या मुलाला गेल्या वर्षी हे झालं. जेवताना उजव्या हातातला चमचा दोनदा पडला. वरण ओठाच्या कडेने ओघळलं, बोलणं अडखळलं. घरात कुणी म्हणालं, शाळा बुडवायची सोंगं. कुणी म्हणालं, दृष्ट लागली, झोपू दे जरा. बहिणीने घड्याळ पाहिलं आणि त्याला घेऊन निघाली. पहिल्या दवाखान्यात अशक्तपणा म्हणून टॉनिक लिहून दिलं. तिने तिथेच विचारलं, "डॉक्टर, हा स्ट्रोक असू शकतो का?" मग मात्र लगेच मोठ्या दवाखान्यात पाठवलं, एमआरआय झाला. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी अरुंद झाली होती. चार महिन्यांपूर्वी त्याला कांजिण्या आल्या होत्या. कांजिण्यांनंतर काही महिन्यांत क्वचित असं होतं, हे आम्हाला तेव्हा कळलं.

मुलांमध्ये कारणं वेगळी असतात: जन्मजात हृदयविकार, सिकलसेल, मेंदूज्वर, मानेला लागलेला मार. वर्षा-दीड वर्षाच्या काही बाळांना तर पलंगावरून साधं पडल्यावरही एका बाजूची ताकद जाते.

लक्षात ठेवायचं ते एवढं. अचानक तोंड वाकडं होणं, एक हात-पाय लुळा पडणं, बोलणं बिघडणं, तोल जाणं, दिसेनासं होणं. मुलांमध्ये याच्याबरोबर आकडी, जोराची डोकेदुखी, उलट्याही होतात. नवजात बाळाला पहिल्या काही दिवसांत आकडी आली तर थांबू नका. वर्षाच्या आतलं बाळ एकच हात वापरत असेल, तर डावखुरं म्हणून कौतुक करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

अशा वेळी १०८ ला फोन करा. मूल शेवटचं नीट कधी होतं ती वेळ लिहून ठेवा. तोंडात पाणी, औषध काहीही घालू नका, ठसका लागून फुप्फुसात जातं. आकडी आली तर कुशीवर वळवा. आपल्या घरात कांदा नसतो, पण हुंगवायला शेजारीण धावत आणून देते. तिला प्रेमाने थांबवा. ॲस्पिरिन मनाने देऊ नका, रक्तस्राव असेल तर ते घातक ठरतं. नवकार जरूर म्हणा, पण गाडीत बसल्यावर.

भाचा आता उजव्या हाताने लिहितो, अक्षर मोठं येतं. फिजिओथेरपी अजून चालू आहे. लहान मेंदू पुष्कळ काही नव्याने शिकतो, पण त्याला महिनोन्महिने सराव लागतो.

या काळात बहिणीला सर्वांत जास्त लागलं ते एक वाक्य: "काय कर्म असेल बाई!" कर्मसिद्धांत स्वतःकडे पाहायला शिकवतो, दुसऱ्या आईला दोष द्यायला नाही. अशा घरी गेलात तर तासभर मुलाजवळ बसा, तिला झोपू द्या.

आणि कधी शंका आलीच, तर डॉक्टरांना तो एक प्रश्न विचारायला संकोच करू नका.