धारिष्टाचीं दोन रूपें

हॉकीच्या मैदानावर एखाद्या विद्यार्थ्याच्या नडगीस चेंडू लागून रक्त आलें, आणि तो पट्टी बांधून पुन्हां खेळावयास उतरला, म्हणजे भोंवतालचीं मुलें टाळ्या वाजवितात. त्या टाळ्यांत आम्हीही आमची टाळी मिळवितों. शरीराच्या दुःखास न जुमानणें हा गुण खरोखर मोठा आहे, आणि जो खेळ तो शिकवितो त्याचे आपण ऋणी आहों. परंतु धारिष्टाचें आणखीही एक रूप आहे. त्यास टाळ्या मिळत नाहींत. त्याची किंमत मात्र रोख मोजावी लागते. हीं दोन्ही रूपें एकाच मनुष्याच्या ठायीं पाहावयाचीं असतील, तर टेड लिंडसे या कॅनडांतील खेळाडूचें चरित्र पाहावें, असें आम्हांस वाटतें.

त्याचा खेळ म्हणजे आइस हॉकी. तो आपल्याकडे फारसा कोणी पाहिलेला नाहीं, म्हणून त्याविषयीं प्रथम दोन शब्द सांगणें अवश्य आहे. सुमारें 200 फूट लांब व 85 फूट रुंद असें बर्फाचें गुळगुळीत मैदान, त्याभोंवतीं कठडा, आणि दोन्ही बाजूंस गोलकीपर धरून सहा सहा गडी. पायांतील बुटांच्या तळाशीं पोलादी पातीं असतात व त्यांवर घसरत खेळाडू वाऱ्याच्या वेगानें धांवतात. चेंडूऐवजीं रबराची कठीण चकती असते. तिचा व्यास 3 इंच, जाडी 1 इंच आणि वजन सुमारें 6 औंस. चकती ज्याच्यापाशीं असेल त्यास अंगानें धडक देण्यास नियमांची मोकळीक आहे. मर्यादा सोडणाऱ्यास मात्र दोन अथवा पांच मिनिटें बाहेरच्या बांकावर बसवितात, आणि तेवढा वेळ त्याच्या संघास बहुधा एक गडी कमी घेऊन खेळावें लागतें.

लिंडसेचा जन्म 29 जुलै 1925 रोजीं ऑंटारिओ प्रांतांतील रेनफ्रू या गांवीं झाला, आणि त्याचें बालपण कर्कलंड लेक या सोन्याच्या खाणींच्या गांवीं गेलें. त्याचे वडील बर्ट हेही पूर्वीं नांवाजलेले गोलकीपर होते. टेड पुढें टोरोंटो येथील सेंट मायकेल्स या शाळेच्या संघांतून खेळूं लागला. ही शाळा बाझिलियन संघाच्या कॅथॉलिक धर्मगुरूंनीं चालविलेली आहे; तेव्हां मिशनच्या शाळेंत वाढलेल्या आमच्या वाचकांस तो अगदींच परका वाटूं नये. तेथून 1944 सालीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, डेट्रॉइट शहराच्या 'रेड विंग्ज' या धंदेवाईक संघानें त्यास घेतलें.

उंची अवघी 5 फूट 8 इंच, वजन सुमारें 160 पौंड. धिप्पाड गड्यांच्या त्या गर्दींत हा लहान चणीचा मुलगा टिकेल कसा, अशी शंका कोणासही आली असती. परंतु तो कोणास भ्याला नाहीं. त्याच्या चेहऱ्यावर पुढें शेंकडों टांके पडले, आणि 'टेरिबल टेड' हें नांव त्यास कायमचें चिकटलें. कारकीर्दींत एकंदर 1808 मिनिटें त्यानें शिक्षेच्या बांकावर काढलीं. म्हणजे तीस तासांहून अधिक! त्याच्या या आडदांडपणाचें आम्ही मंडन करीत नाहीं, आणि आमच्या विद्यार्थ्यांनीं त्याचा कित्ता गिरवावा असेंही आम्हांस वाटत नाहीं. पण तो केवळ दांडगा नव्हता. गॉर्डी हाऊ व सिड एबल यांच्या जोडीनें त्याची जी आघाडीची फळी बनली, तिला मोटारींच्या त्या शहरानें 'प्रॉडक्शन लाइन' असें कौतुकाचें नांव दिलें. 1949-50 च्या हंगामांत 78 गुण मिळवून तो सर्व लीगमध्यें पहिला आला. 1950, 1952, 1954 आणि 1955 या चार वर्षीं त्याच्या संघानें स्टॅन्ले कप जिंकला. 1950 सालीं कप मिळतांच त्यानें तो उचलला आणि कठड्याच्या कडेकडेनें फिरून लोकांस जवळून दाखविला. आज विजयी संघ कप घेऊन मैदानाची फेरी घालतात, ती प्रथा यावरूनच पडली असें सांगतात.

1956 सालीं टोरोंटो येथें सामना होता. लिंडसे व हाऊ मैदानांत उतरले तर त्यांस गोळी घालूं, अशी धमकी कोणा अज्ञात इसमानें दिली. दोघेही उतरले. वाढीव वेळेंत निर्णायक गोल लिंडसेनेंच केला, आणि सामना संपल्यावर काठी बंदुकीप्रमाणें धरून त्यानें प्रेक्षकांकडे रोखली! हें धारिष्टाचें पहिलें रूप झालें.

दुसऱ्या रूपाची कथा याहून शांत आहे. त्या काळीं लीगमध्यें सहाच संघ होते. करार असे लिहिले जात कीं, मालक सोडील तेव्हांच खेळाडू सुटावयाचा. मालकास वाटलें तर त्यानें त्यास दुसऱ्या संघास द्यावें, अथवा खालच्या लीगमध्यें धाडावें. 1947 सालीं पेन्शनचा फंड निघाला व त्यांत प्रत्येक खेळाडू वर्षास 900 डॉलर भरूं लागला. लिंडसे आणि माँट्रियलचा डग हार्वे हे त्या फंडाच्या मंडळावर खेळाडूंचे प्रतिनिधि होते. त्यांनीं हिशेब पाहावयास मागितले. ते त्यांस दाखविण्यांत आले नाहींत. तेव्हां लिंडसेनें गुप्तपणें एकेका संघांतील खेळाडूंची मनें वळविलीं. प्रत्येकानें 100 डॉलर दिले, आणि एक खेरीज सर्वांनीं सह्या केल्या. फेब्रुवारी 1957 मध्यें खेळाडूंची संघटना स्थापन झाल्याचें जाहीर झालें.

ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, लिंडसेस स्वतःस कांहीं उणें नव्हतें. पगार चांगला होता, कीर्ति होती, खेळाबाहेर व्यवसायही होता. 1956-57 हा तर त्याचा सर्वांत यशस्वी हंगाम. त्यांत त्यानें 85 गुण मिळविले होते. असें असतां जुलै 1957 मध्यें त्यास डेट्रॉइटमधून काढून, त्या काळीं तळाशीं असलेल्या शिकागोच्या संघाकडे धाडण्यांत आलें. तेरा वर्षें ज्या गांवासाठीं रक्त सांडलें, तें एका कागदानें सुटलें. आणि मग नोव्हेंबरमध्यें खुद्द डेट्रॉइटच्या खेळाडूंनीं, त्याच्या जुन्या सोबत्यांनीं, संघटनेंतून अंग काढून घेतलें. फेब्रुवारी 1958 मध्यें तडजोड झाली. किमान पगार व पेन्शन यांबाबत कांहीं सवलती पदरांत पडल्या, पण संघटना मात्र मोडली.

त्या सोबत्यांस नांवें ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. तो कां नाहीं, तें सांगितल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं.

आम्ही विद्यार्थी असतांना एका शाळेच्या हॉकीच्या संघांत गोलकीपर होतों. एका सामन्यांत चेंडू लागून डोळा सुजला असतांही आम्ही अखेरपर्यंत गोलांत उभे राहिलों, म्हणून आमचा बराच बोलबाला झाला होता. त्या शाळेंत दरमहा खेळाची फी घेत. तरीही काठी मोडली तर ज्याची त्यानें नवी आणावी असा दंडक होता. गरीब मुलें मोडक्या काठीस सुतळी गुंडाळून खेळत. आमचा कप्तान स्वतः नादारीवर शिकणारा, एका माळ्याचा मुलगा. या पैशांचें काय होतें तें अदबीनें विचारावें, असें त्यानें सुचविलें. एका संध्याकाळीं विहिरीमागें जमून आम्ही अकराही जणांनीं एकमेकांच्या हातावर हात ठेवून वचन दिलें.

दुसऱ्या दिवशीं तो आंत गेला. आम्ही दहाजण व्हरांड्यांत उभे होतों. दार उघडून आम्हांस विचारण्यांत आलें, "आणखी कोणाची ही तक्रार आहे?" कोणी बोललें नाहीं. आम्हीही बोललों नाहीं. जो डोळा सुजला असतां मिटला नव्हता, तो त्या वेळीं जमिनीवरून वर उचलवेना. पुढच्या सामन्याच्या यादींत कप्तानाचें नांव नव्हतें. आम्ही खेळलों, दोन अवघड गोल अडविले, लोकांनीं टाळ्या दिल्या. त्या टाळ्या अद्यापि आमच्या कानांत आहेत, आणि त्या गोड नाहींत.

पुष्कळ वर्षांनीं तो गृहस्थ एका स्टेशनावर अकस्मात् भेटला. केस पिकले होते. त्यानें आम्हांस ओळखलें व हंसून विचारलें, "काय रे, तुझा तो डोळा पुढें बरा झाला होता ना?" जुन्या गोष्टीचा त्यानें उल्लेख केला नाहीं. आम्हांसही तो करवला नाहीं. गाडी आली व तो गेला.

लिंडसेची पुढील हकीकत थोडक्यांत सांगतों. 1960 सालीं त्यानें खेळ सोडला. पण 1964-65 मध्यें, एकोणचाळिसाव्या वर्षीं, तो आपल्या जुन्या डेट्रॉइटसाठीं पुन्हां बर्फावर उतरला, आणि त्या हंगामांत संघ लीगमध्यें पहिला आला. 1966 सालीं 'हॉकी हॉल ऑफ फेम'मध्यें त्याची निवड झाली. परंतु समारंभास केवळ पुरुषांसच प्रवेश होता. जेथें पत्नीस व मुलांस येतां येत नाहीं तेथें आपणही जाणार नाहीं, असें म्हणून तो गेला नाहीं. पुढील वर्षीं तो नियम बदलला. 1967 मध्येंच खेळाडूंची संघटना नव्यानें उभी राहिली, आणि ती टिकली. खेळाडूंनीं स्वतः मतें देऊन निवडलेल्या उत्कृष्ट खेळाडूस जें पारितोषिक मिळतें, त्यास 2010 सालीं लिंडसेचें नांव देण्यांत आलें. 4 मार्च 2019 रोजीं, त्र्याण्णव वर्षांचा होऊन, तो निवर्तला.

आतां आम्ही मुलांस हॉकी शिकवितों. पट्टी बांधून खेळणाऱ्या मुलाची पाठ आम्ही अवश्य थोपटतों. परंतु एखादा मुलगा दुसऱ्याच्या मोडक्या काठीविषयीं विचारावयास आमच्यापुढें उभा राहिला, तर त्याच्या मागच्या व्हरांड्यांतही आम्ही एकदां पाहून घेतों. तेथें कोणी खालीं मान घालून उभा असेल, तर त्यास आंत बोलावितों, आणि बसावयास सांगून, हिशेबाची वही दोघांपुढें उघडून ठेवितों.