हद्दीतला समुद्र

आमच्या श्राविका मंडळाची सहल म्हणजे आजवर कुंभोज-बाहुबली, फार तर श्रवणबेळगोळ. वर्षभर आधी गाडी ठरायची, महिनाभर आधी डब्यांची यादी व्हायची. गेल्या डिसेंबरात मात्र रविवारचा स्वाध्याय आटोपल्यावर कोणीतरी सहज समुद्राचा विषय काढला, आणि त्यानंतर दहाव्या दिवशी आम्ही नऊ जणी व एक अकरा वर्षांचा नातू बंगालच्या उपसागरातील एका बेटावर उतरलो होतो. एवढ्या घाईने आम्ही कधी लग्नालाही गेलो नसू.

प्रथम नाव निघाले ते फुकेतचे. तिकिटे स्वस्त होती, तरुण सुनांचा आग्रहही होता. आमच्यातील सर्वांत वडील आक्का तेवढ्या शांतपणे म्हणाल्या, “माझे दिग्व्रत आहे. तुम्ही जाऊन या.” बारा वर्षांपूर्वी त्यांनी दाही दिशांची मर्यादा घेतली होती आणि ती देशाच्या सीमेपर्यंतची होती. आक्कांना मागे ठेवून जाणे कोणालाच पटेना. तेव्हा एकीने अंदमान सुचवले. गंमत अशी की, पोर्ट ब्लेअरहून चेन्नई जितकी दूर, तितके फुकेतही दूर नाही. तरीही अंदमान आपला आणि फुकेत परका. येथे चर्चेला तोंड फुटले. व्रत घेताना आक्कांच्या मनात हे बेट होते का? नसेल तर केवळ नकाशावरील रेघेच्या आधाराने जाणे ही पळवाट नव्हे का? आक्कांनी एक रात्र विचार केला. सकाळी त्यांचा फोन आला, “देशाची हद्द म्हटले होते, त्यात हे येते. पण मिळालेली मोकळीक सगळी वापरायची नाही. तिथे मी देशव्रत घेईन.”

सेल्युलर जेलविषयी येथे लिहीत नाही. मराठी माणूस तेथे सहलीच्या मनाने उभा राहूच शकत नाही, आणि तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. दुसऱ्या दिवशी बोटीने आम्ही हॅवलॉकला, म्हणजे 2018 पासूनच्या स्वराज द्वीपाला पोहोचलो.

तेथे आमची पहिली गाठ पडली ती सूर्याशी. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची. अंदमान जवळपास त्र्याण्णव रेखांशावर. आपल्या सांगलीपेक्षा तेथे सूर्य तासाभराहूनही अधिक आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. डिसेंबरात पाचच्या सुमारास अस्त! सूर्यास्तापूर्वी दोन घटिका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे आधी अन्नपाणी आटोपायचे, तर सव्वाचारच्या आत पान उचलले पाहिजे. हॉटेलचा स्वयंपाकी मात्र दुपारी तीनला चूल विझवून सातला पेटवणारा. शिवाय त्याच्या स्वयंपाकघरात सर्वत्र मासळी. आम्ही सोबत दशम्या, लाडू, शेंगदाण्याची चटणी आणि बिनलसणाचे भडंग नेले होते (बिनलसणाच्या भडंगाला सांगलीत कोणी भडंग म्हणणार नाही, ही गोष्ट वेगळी). हिवाळ्यात पिठाची मर्यादा सात दिवसांची, म्हणून पीठही घरचेच होते. परंतु पाच दिवस केवळ शिदोरीवर निघणे कठीण होते.

त्या स्वयंपाक्याने जे केले त्याची आम्हांपैकी कोणीही अपेक्षा केली नव्हती. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने या बेटावर जमिनी दिल्या. त्यांतल्याच एका घरातला तो नातू. कांदा-लसूण चालत नाही म्हणताच तो म्हणाला, “माझी आजी विधवा होती. तिचा स्वयंपाक वेगळ्या चुलीवर व्हायचा.” जुन्या बंगाली घरांत विधवेला मासे, कांदा, लसूण वर्ज्य. त्या निषेधातूनच स्त्रियांनी निरामिष पाककला केवढी फुलवली! त्याने मागच्या अंगणात वेगळी शेगडी मांडली, नवी कढई आणली. बटाटा का नको, एवढेच त्याला समजावून सांगावे लागले. दुधीभोपळा, खसखस आणि ओले खोबरे यांची त्याची भाजी आम्ही दुपारी साडेतीनला पानात घेत असू. आक्का पाणी गाळायचे फडके घेऊन त्याच्याशेजारी उभ्या असत. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, आणि त्यावाचून त्यांचे काही अडतही नव्हते. मला मात्र त्या आजीची आठवण जेवताना टोचत राहिली. आम्ही जो त्याग आपखुशीने केला, तो तिच्यावर लादलेला होता.

समुद्रात उतरावे की नाही, याचा निर्णय प्रत्येकीने आपापला केला. अनगळ पाण्यात स्नान नको म्हणून दोघी काठावरच थांबल्या, मी घोट्यापर्यंत गेले, सुना जाकिटे घालून पोहल्या. कोणी कोणाला बोल लावला नाही. स्वाध्यायाचे काही फळ असेल तर ते हेच. एलिफंट बीचला काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ पाहिले. आपल्या शास्त्रांत प्रवाळाची गणना पृथ्वीकायिकांत आहे. बोटवाला सांगत होता की ही इवल्या प्राण्यांची वसाहत आहे आणि पाणी तापले की ती पांढरी पडते. 2010 मध्ये येथील प्रवाळ असेच मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले होते. वर्गीकरण भिन्न, पण त्यावर पाय देऊ नये, याविषयी दोहोंचे एकमत.

आक्का त्या बोटीत नव्हत्या. त्यांचे देशव्रत हॉटेलच्या फाटकापासून समोरच्या किनाऱ्यापर्यंतचे होते. आम्ही परतलो तेव्हा ओहोटी लागली होती. नातू त्यांच्याकडे धावला. त्याच्या मुठीत एक पांढरा शंख होता. शंख म्हणजे द्वींद्रिय जीवाचे आपले पाठशाळेतले पहिले उदाहरण. मंडळातल्या निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, “आतला जीव गेलेला आहे. कवच अचित्त आहे, घ्यायला हरकत नाही.” आक्का म्हणाल्या, “पाच मिनिटे वाळूवर ठेव.” तीन मिनिटांत शंखाला पाय फुटले. दुसऱ्याच्या रिकाम्या घरात राहणारा एक इवला खेकडा त्यातून बाहेर डोकावला आणि घरासकट चालू लागला. आक्का सकाळपासून हेच पाहत बसल्या होत्या. एक खेकडा लहान शंख सोडून मोठ्या शंखात शिरताना त्यांनी पाहिला होता, आणि त्याने सोडलेल्या घरात दुसरा शिरतानाही.

“म्हणजे रिकामा शंखसुद्धा कोणाचा तरी असतो?” नातवाने विचारले.

“आज नसला तर उद्याचा,” आक्का म्हणाल्या.

शिक्षिकाबाईंनी यावर अदत्तादानाचा मुद्दा काढला आणि सूर्य बुडेपर्यंत किनाऱ्यावर आमचा स्वाध्यायच रंगला. खेकड्याला इंद्रिये किती, यावर दोन तट पडले आहेत. ते अद्याप मिटलेले नाहीत.

परतताना विमानतळावर सामान तपासणाऱ्या जवानाने नेहमीप्रमाणे विचारले, “शंख, प्रवाळ काही आहे?” आमच्या नातवाने ‘नाही’ एवढेच म्हणायला हवे होते. त्याने त्या जवानाला खेकड्याची सगळी हकीकत प्रथमपासून सांगितली, आणि मागे रांग वाढत गेली.