बोर्दोची बाटली

व्हिएन्नाच्या श्टाट्सओपरमध्ये उभं राहून पाहायचं स्वस्त तिकीट मिळतं. त्याची एक रीत आहे. जागा मिळाली की समोरच्या कठड्याला स्कार्फ बांधायचा आणि मग खुशाल फिरून यायचं. ती जागा कुणी घेत नाही. मी ओढणी बांधली. शेजारच्या आजोबांनी गाठ नीट निरखून पसंतीची मान हलवली.

ऑपेरा होता दोनिझेत्तीचा 'लेलिझिर दामोरे', मिलानमध्ये १८३२ साली रंगमंचावर आलेला. इथला प्रयोग ओटो शेंक यांनी १९८०मध्ये बसवलेला. भाबडा नेमोरिनो आदिनावर जीव टाकतो, ती त्याला हिंग लावून विचारत नाही. तेवढ्यात दुल्कामारा नावाचा भोंदू वैद्य गावात येतो आणि आठवडी बाजारातल्या जडीबुटीवाल्यासारखा सुरू होतो. खर्जातला आवाज आणि शब्दांचा नुसता भडिमार, श्वास कुठे घेत होता देव जाणे! नेमोरिनोच्या गळ्यात तो प्रेमाचं औषध म्हणून साधी बोर्दो वाइन मारतो. गुण यायला एक दिवस लागेल म्हणतो, कारण तेवढ्यात त्याला गावातून पोबारा करायचा असतो.

कठड्यावरच्या छोट्या पडद्यावर भाषांतर येत होतं. पण गायकाच्या तोंडून विनोद बाहेर पडायच्या आधीच तो तिथे उमटायचा आणि लोक आधीच हसून मोकळे व्हायचे. मी पडदा बंद केला. बाटली रिचवलेला नेमोरिनो आदिनाकडे ढुंकूनही न बघता गुणगुणत बसला आणि तिचा तिळपापड झाला, ते कळायला भाषांतर कशाला हवं?

दुसऱ्या अंकात एवढ्या धमालीत एकाएकी एकटाच 'बासून' (bassoon) वाजू लागला. हे वाद्य एरवी गमतीजमतीसाठी वापरतात; इथे त्याचा सूर घशात अडकलेल्या हुंदक्यासारखा आला. मागे हार्पचे हलके स्वर. आदिनाच्या डोळ्यांत पाणी पाहिलेला नेमोरिनो गायला लागला आणि माझे भरून आलेले पाय मी विसरले. संगीत नाटकांवर वाढलेल्या माणसाच्या तोंडून 'वन्समोअर' निघायचंच, मी ते कसंबसं गिळलं. टाळ्या मात्र थांबेनात. कंडक्टर बॅटन खाली धरून उभा राहिला, आणि त्या ओसरल्यावर पुढे गेला.

भोंदूला शेवटी शिक्षा होईल म्हणावं, तर नाव नको. नेमोरिनोला आदिना मिळते, वर मेलेल्या काकाची इस्टेटही. दोन्ही आपल्याच औषधाचा प्रताप, असं दुल्कामारा छातीठोकपणे सांगतो आणि अख्खं गाव बाटल्यांवर तुटून पडतं. नमस्काराला सगळे पुढे आले तेव्हा नायकापेक्षा जास्त टाळ्या त्या लबाडालाच पडल्या. त्यात माझ्याही होत्या.