उजव्या कानातील गिटार

एखाद्या बँडच्या अनेक वर्षांच्या ध्वनिमुद्रणांतून निवडक गाणी एकत्र करून काढलेल्या अल्बमला संकलन म्हणतात, आणि समीक्षेच्या उतरंडीत त्याची जागा सहसा तळाशी असते. ते कंपनीने विक्रीवर डोळा ठेवून काढलेले असते, त्यात नवे फारसे काही नसते, आणि ज्याला बँड खरोखर समजून घ्यायचा आहे त्याने मूळ अल्बमच ऐकावेत, असे जाणकार बजावतात. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील फॉरेस्ट हिल्स येथे १९७४ मध्ये उभ्या राहिलेल्या रमोन्स या बँडला हा न्याय लावताना मात्र अडचण येते. पंक, म्हणजे मोजके कॉर्ड, वेगवान लय, दोन-अडीच मिनिटांत आटोपणारे गाणे आणि वाद्यकौशल्याच्या प्रदर्शनाला साफ नकार, ही रॉक संगीताची शाखा ज्यांच्यामुळे आकाराला आली त्यांपैकी हा एक प्रमुख बँड. आणि याच बँडवर जन्मभर असा आक्षेप घेतला गेला की त्याची सगळी गाणी एकसारखीच आहेत. तो आक्षेप खरा धरला तर कोणतीही तीस गाणी उचलली तरी चालावे. प्रत्यक्षात तसे चालत नाही, आणि का चालत नाही हे ठरवण्यातच अशा संकलनाची पारख आहे.

या प्रश्नाकडे पुन्हा वळण्याचे कारण तसे किरकोळ आहे. बँडचा पहिला अल्बम १९७६ साली निघाला. त्याला चाळीस वर्षे झाली तेव्हा, २०१६ मध्ये, मूळ निर्माता क्रेग लिऑन याने त्याची मोनो आवृत्ती तयार केली. मोनो म्हणजे सर्व वाद्ये एकाच प्रवाहात मिसळून दोन्ही कानांना तोच आवाज देणारी पद्धत. ही आवृत्ती अलीकडे ऐकताना प्रस्तुत लेखकाला आनंदाऐवजी एक विचित्र अस्वस्थता वाटली, कारण गिटार डाव्या कानातही वाजत होती, आणि तिने तेथे असू नये अशी सवय अनेक वर्षांपूर्वी जडलेली होती.

ही सवय समजण्यासाठी मूळ ध्वनिमुद्रण पाहावे लागते. न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलच्या इमारतीतील प्लाझा साउंड या स्टुडिओत फेब्रुवारी १९७६ मध्ये सुमारे आठवडाभरात, साडेसहा हजार डॉलरांच्या आतबाहेरच्या खर्चात ही चौदा गाणी मुद्रित झाली, आणि ती सगळी मिळून अर्ध्या तासाचीही भरत नाहीत. स्टिरिओ पद्धतीत, म्हणजे डाव्या आणि उजव्या कानाला वेगवेगळा आवाज पुरवण्याच्या पद्धतीत, वाद्ये सहसा दोन्ही बाजूंना थोडी थोडी पसरवतात; येथे मात्र साठच्या दशकातील जुन्या तबकड्यांप्रमाणे जॉनी रमोनची गिटार जवळजवळ पूर्णपणे उजवीकडे आणि डी डी रमोनचा बेस डावीकडे ठेवलेला आहे, तर ड्रम आणि गायक जोई रमोनचा आवाज मध्ये आहेत. जॉनी केवळ डाउनस्ट्रोक वाजवत असे, म्हणजे पिक तारांवर सतत वरून खालीच हाणत असे. बहुतेक वादक वेग साधण्यासाठी हात खाली-वर असा दोन्ही दिशांनी चालवतात, पण तसे केल्यास एक आघात जोरकस आणि पुढचा हलका पडतो, आणि जॉनीला हलका आघातच नको होता. परिणामी उजव्या कानात एक सलग, न थकणारी करवत चालू राहते आणि डाव्या कानात तिच्याशिवायचे जवळजवळ सभ्य गाणे ऐकू येते.

'रमोन्स मेनिया' हे १९८८ साली साइर कंपनीने काढलेले तीस गाण्यांचे संकलन लेखकाच्या वाट्याला आले ते परदेशातून आलेल्या कोणाच्या तरी कॅसेटवरून उतरवून घेतलेल्या प्रतीच्या रूपाने, आणि ऐकण्याचे साधन होते ते ज्याचा उजवा कान पिनेजवळची तार तुटल्याने बंद पडला आहे असे हेडफोन. त्यामुळे त्या संकलनातील पाचवे गाणे, पहिल्या अल्बममधील 'बीट ऑन द ब्रॅट', सुरू झाले की गिटार नाहीशी होत असे. आधीच्या चार गाण्यांत ती कमी-अधिक ऐकू येई आणि पुढच्या गाण्यात परत येई. मधल्या अडीच मिनिटांत फक्त बेस, ड्रम आणि एका उंच, वाकलेल्या मुलाचा नाकातून येणारा आवाज उरे. बँडने मुद्दामच हे गाणे गिटारविना केले असावे, आणि हा प्रकार फार धीट आहे, अशी समजूत त्या वयात पक्की झाली. पुढे शाबूत हेडफोन मिळाले, सीडी मिळाली, प्रत्येक गाण्याचा उगम कळला. तरी या गाण्याचे खरे रूप तेच, असे कानाने धरून ठेवले ते आजतागायत.

संकलनाची पारख करताना क्रमाचा विचार टाळता येत नाही. 'मेनिया'चा क्रम कालानुक्रमाला जुमानत नाही: १९७८ चे 'आय वॉना बी सिडेटेड' पहिले, १९८० चे फिल स्पेक्टर या निर्मात्याने सॅक्सोफोन आणि ऑर्गन घालून फुगवलेले गाणे तिसरे, १९७६ चे पाचवे, १९८७ चे 'आय वॉना लिव्ह' सातवे, आणि ज्या गाण्याने बँडचा पहिला अल्बम उघडतो ते 'ब्लिट्झक्रीग बॉप' थेट नवव्या जागी. याउलट १९९९ मध्ये र्‍हायनो कंपनीने काढलेला दोन सीडींचा, अठ्ठावन्न गाण्यांचा संग्रह वर्षांच्या क्रमाने जातो, त्याची माहितीपुस्तिका अभ्यासपूर्ण आहे, आणि संदर्भासाठी तोच जवळ ठेवावा हे मान्य करणे भाग आहे. तरीही त्याच्याविषयी लेखकाच्या मनात एक अढी आहे आणि ती काढून टाकण्याची इच्छाही नाही. कालानुक्रम लावला की ऐकणाऱ्याला चढ आणि उतार ऐकू येऊ लागतो. पहिली सीडी संपेपर्यंत तेजस्वी तारुण्य आणि दुसरीत घसरण, अशी कथा आपोआप तयार होते. वास्तविक या कथेतील बरीचशी घसरण बँडची नसून स्टुडिओंची आहे. ऐंशीच्या दशकात ड्रमला मोठा घुमारा देण्याची आणि कीबोर्डचे थर चढवण्याची चाल सर्वत्र पडली होती, आणि १९८६ च्या 'ॲनिमल बॉय'सारख्या अल्बमवर ती चाल स्पष्ट उमटलेली आहे. 'मेनिया'त ही गाणी जुन्या गाण्यांच्या मध्ये बसवल्यामुळे त्यांचे कपडे तेवढे वेगळे दिसतात, वय दिसत नाही. ज्या श्रोत्याजवळ वेष्टनच नव्हते आणि म्हणून एकाही गाण्याचे साल माहीत नव्हते, त्याला ही सारी गाणी एकाच दुपारी मुद्रित झाली असावीत असे वाटणे स्वाभाविक होते.

अर्थात 'मेनिया' हे पूर्ण कारकिर्दीचे संकलन नव्हेच. ते निघाले तेव्हा चौदांपैकी दहाच स्टुडिओ अल्बम झाले होते आणि बँड पुढे आठ वर्षे, ६ ऑगस्ट १९९६ च्या लॉस एंजेलिसमधील शेवटच्या कार्यक्रमापर्यंत, वाजवत राहिला; एकूण २,२६३ कार्यक्रम झाल्याची नोंद दिली जाते. 'पेट सेमेटरी' त्यात नाही, कारण ते १९८९ चे आहे. 'इंडियन गिव्हर' हे दुसऱ्या बँडचे जुने गाणे मात्र आहे, ज्यावाचून कोणाचेही अडले नसते.

याच संकलनात 'बॉन्झो गोज टू बिटबर्ग' येते आणि तेथे संगीताच्या विचारात इतिहास काहीसा अडखळत शिरतो. ५ मे १९८५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी पश्चिम जर्मनीतील बिटबर्ग येथील लष्करी दफनभूमीला भेट दिली. तेथे हिटलरच्या वाफेन एसएस या सशस्त्र दलाच्या सैनिकांच्याही कबरी होत्या, आणि ज्यू संघटनांनी व माजी सैनिकांनी विरोध करूनही ही भेट रद्द झाली नाही. बॉन्झो हे रेगन यांनी १९५१ साली ज्याच्यासोबत चित्रपटात काम केले होते त्या चिंपांझीचे नाव. ज्यू कुटुंबातील जोई, बालपणाचा मोठा काळ जर्मनीत काढलेला डी डी आणि निर्माता जाँ बोव्हुआर या तिघांनी हे गाणे लिहिले आणि त्याच वर्षी ते ब्रिटनमध्ये एकेरी तबकडी म्हणून निघाले. जॉनी रेगन यांचा कट्टर समर्थक होता. गाणे 'ॲनिमल बॉय' अल्बमवर घेताना त्याच्या आग्रहाखातर शीर्षक बदलले गेले आणि मूळ नाव कंसात ढकलले गेले. विशेष म्हणजे हा सारा वाद ज्या बँडमध्ये झाला त्याचे बोधचिन्ह, आर्तुरो व्हेगा या चित्रकाराने रचलेले, अमेरिकी अध्यक्षांच्या मुद्रेवरच बेतलेले होते. गरुडाच्या पंजात बाणांऐवजी बेसबॉलची बॅट आली होती. आज हे चिन्ह ज्यांच्या टी-शर्टवर दिसते त्यांपैकी अनेकांनी बँडचे एकही गाणे ऐकलेले नसते, याचा राग धरण्यात अर्थ नाही, पण तो येतो.

जोई आणि जॉनी यांच्यातील दुरावा राजकारणापुरता नव्हता. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला जोईची मैत्रीण त्याला सोडून जॉनीकडे गेली, पुढे त्या दोघांनी लग्न केले, आणि गायक व गिटारवादक यांचे बोलणे जवळजवळ थांबले. तरी एकाच व्हॅनमधून ते दीड दशक प्रवास करत राहिले. 'द केकेके टुक माय बेबी अवे' हे १९८१ चे गाणे या प्रसंगावर आहे असे अनेक जण मानतात, आणि काही जण ते नाकारतात. ते 'मेनिया'त अठ्ठाविसावे आहे. लेखकाजवळची प्रत साठ मिनिटांच्या कॅसेटवर उतरवलेली होती आणि मूळ संकलन सव्वा तासाच्या आसपासचे, त्यामुळे शेवटची काही गाणी तिच्यात मावलीच नाहीत. एका संकलनाचे फितीच्या लांबीने आणखी एक संकलन केले होते. त्यातून हे गाणे गळले आणि त्यासोबत बँडमधील वैरही गळले. त्या प्रतीवरचे रमोन्स खरोखर एकाच आडनावाचे सख्खे भाऊ होते. ते आडनाव पॉल मॅकार्टनीने तरुणपणी घेतलेल्या एका टोपणनावावरून उचललेले आहे आणि चौघांत नात्याचा थेंबही नाही, हे कळले तेव्हा जी निराशा झाली तिची भरपाई १९९९ च्या पुस्तिकेतील सगळ्या माहितीने झाली नाही. २००२ मध्ये खुद्द जॉनीने तीस गाणी निवडून आणखी एक संकलन काढले. त्याच्या नावातच आवाज आणि वेग आहेत, आणि निवडही तशीच, एका दिशेने हाणलेली, आहे. बँड काय होता हे जॉनीला ठाऊक होते यात शंका नाही. फक्त उजव्या कानाला काय ऐकू येते तेवढेच त्याने निवडले, असे म्हणावेसे वाटते.

त्याच कॅसेटची पहिली बाजू ज्या गाण्याच्या मध्यावर तुटत असे ते 'आय वॉना बी युवर बॉयफ्रेंड' होते, पहिल्या अल्बममधील एकमेव उघडपणे हळवे गाणे, आणि ते ड्रमवादक टॉमीने लिहिलेले आहे. 'ब्लिट्झक्रीग बॉप'चाही मोठा भाग त्याचाच. टॉमी रमोन, मूळ नाव तमाश एर्देयी, १९४९ साली बुडापेस्टमध्ये नाझींच्या संहारातून वाचलेल्या ज्यू आईवडिलांच्या पोटी जन्मला आणि लहानपणीच अमेरिकेत आला. रेकॉर्डिंग स्टुडिओतील तंत्र त्याला आधीपासून येत होते, बँडमध्ये तो आला तो व्यवस्थापक म्हणून, आणि मनासारखा ड्रमवादक सापडेना तेव्हा स्वतःच ड्रमवर बसला. १९७८ मध्ये सततच्या दौऱ्यांना कंटाळून त्याने ती जागा सोडली, तरी निर्माता म्हणून तो राहिला. 'मेनिया'ला अमेरिकेत गोल्ड, म्हणजे पाच लाख प्रतींच्या विक्रीचे प्रमाणपत्र, १९९४ मध्ये मिळाले. ज्या पहिल्या अल्बमशिवाय संकलनाला आधारच नव्हता त्याला ते मिळण्यास २०१४ उजाडावे लागले. तोवर जोई २००१ मध्ये, डी डी २००२ मध्ये आणि जॉनी २००४ मध्ये गेला होता. टॉमीने ते प्रमाणपत्र तेवढे पाहिले आणि २०१४ च्याच जुलैत तोही गेला.

उत्तरायुष्यात त्याने क्लॉडिया टिएनन हिच्यासोबत अंकल माँक ही जोडी काढून ब्लूग्रास संगीत केले, आणि २००६ मध्ये त्यांचा अल्बम निघाला. ब्लूग्रास ही अमेरिकेच्या ॲपलेशियन डोंगराळ भागाच्या लोकसंगीतातून घडलेली शैली. तिच्यात बँजो, फिडल, मँडोलिन, गिटार आणि उभा बेस असतो, वीज नसते, आणि परंपरेने ड्रमही नसतो. रमोन्सच्या कोणत्याही संकलनात या अल्बममधले काही असण्याचे कारण नाही आणि ते घालावे अशी मागणीही नाही. तो मोठा अल्बम आहे असाही दावा नाही. आवाज साधा आहे, काही गाणी नुसतीच सुखद आहेत. परंतु ड्रम नसलेल्या या संगीतात ठेका धरण्याचे काम मँडोलिनवादकाकडे असते: तारा दाबून लगेच सोडायच्या आणि दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर एक कोरडा, आखूड आघात करायचा, नेमका तेथे जेथे रॉकमध्ये स्नेअर ड्रम पडतो. टॉमीने निवडलेले वाद्य मँडोलिन होते.