साय कोणाच्या वाट्याला?

उलट्या करणारा कुत्रा टेबलावर आला की "काय खाल्लं होतं त्यानं?" असं मी विचारत नाही. उत्तर ठरलेलं असतं: "काहीच नाही डॉक्टर, नेहमीचंच." त्याऐवजी मी घराची चौकशी करतो. रविवारी मटण होतं का? पाहुणे आले होते का? आजी सोबत आल्या असतील तर थेटच विचारतो, "आजी, दुधावरची साय कोण खातं?" आजी कुत्र्याकडे बघतात आणि घरचे आजींकडे.

ही चौकशी असते स्वादुपिंडाच्या सुजेच्या संशयानं. स्वादुपिंडाचे पाचकरस एरवी निष्क्रिय रूपात निघतात आणि आतड्यात पोचल्यावर कामाला लागतात. ते ग्रंथीतच जागे झाले, तर कुंपणानं शेत खावं तशी गत होते. कारण दर वेळी सापडतंच असं नाही. पण तेलकट-तुपकट खाणं, लठ्ठपणा, रक्तातली वाढलेली चरबी हे नेहमीचे संशयित. या सुजेचे झटके वारंवार आले तर ग्रंथी हळूहळू निकामी होते; पुढे मधुमेह जडतो किंवा अन्न पचेनासं होतं.

असा कुत्रा पुढचे कोपर जमिनीला टेकतो आणि मागचा भाग वर ठेवतो. घरचे म्हणतात, "आळस देतोय." आळस क्षणात संपतो. हा मात्र तसाच राहतो, ओठ चाटतो, उठतो, दोन पावलं टाकून पुन्हा तसाच वाकतो. पोटाला हात लावला की बरगड्यांमागचे स्नायू फळीसारखे ताठ लागतात. पण तेवढ्यावर मी निदान करत नाही. गिळलेलं मक्याचं कणीस आतड्यात अडकलं तरी अशाच उलट्या होतात. म्हणून कुत्र्यांसाठीची खास लायपेज चाचणी, सोनोग्राफी, गरज पडली तर एक्स-रे. पूर्वी अशा कुत्र्याला दिवसेंदिवस उपाशी ठेवत. आता सलाइन, वेदनाशामक आणि उलटीचं औषध देऊन, उलटी आटोक्यात येताच कमी चरबीचं अन्न थोडंथोडं सुरू करतात.

एकदा झटका येऊन गेलेल्या कुत्र्याच्या बाबतीत "उद्या बघू" म्हणू नका. दिवसात दोन-तीन उलट्या झाल्या, पाणीही टिकत नसलं, दिवसभर तोंडाला अन्न लावलं नाही, पोट दुखतंय असं वाटलं, तर त्याच दिवशी आणा. उलटीत रक्त, पांढऱ्या किंवा पिवळ्या हिरड्या, उभं राहवत नाही, यांपैकी काही दिसलं तर रात्र असली तरी निघा. कुत्रा मधुमेही असेल तर पहिल्याच उलटीला फोन करा. घरातली माणसांची वेदनाशामक गोळी मात्र चुकूनही देऊ नका. आयबुप्रोफेननं कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात, मूत्रपिंडं बिघडतात.

बाकी उपचार तुमच्या स्वयंपाकघरात आहे. पथ्य एकट्यानं पाळून भागत नाही. आजी, मुलं, कामाच्या मावशी, येणारे-जाणारे सगळ्यांनीच पाळायला हवं. 'एवढ्याशानं काय होतंय' असं म्हणून दिलेला घास पुढचा झटका आणू शकतो. तो देऊ नका.