रेवदंड्याचा रशियन पाहुणा आणि आपले शनवार तेली

कोळगाव, पालघर

चि. छकुलीस,


रशियन शिकून तुला स्लाव मुलखातल्या ज्यूंचा अभ्यास करायचाय हे कळल्यापासून दादा गप्प आहे. तारापूर एमआयडीसीत नोकऱ्या असताना पोरगी हे काय घेऊन बसली, असं त्याला वाटतं. त्याची काळजी खोटी नाही. पण ‘त्या लोकांशी आपला काय संबंध?’ हे त्याचं म्हणणं मला मुळीच पटत नाही.

अलिबागेच्या पुढे रेवदंड्याला जाऊन ये. बेने इस्रायल या कोकणातल्या ज्यूंचं सिनेगॉग आणि त्वेरच्या अफानासी निकितिनचं स्मारक, दोन्ही त्या एकाच गावात आहेत. हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात शेजारच्या चौल बंदरात उतरला, विकायचा घोडा घेऊन जुन्नरला पोचला आणि ऐन पावसाळ्यात तिथे अडकला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असं त्यानं लिहून ठेवलंय.

आणि बेने इस्रायल तर आपलेच. घाण्यावर तेल काढायचे, शनिवारी घाणा बंद. म्हणून शनवार तेली. 1874 साली पुण्यात छापलेली त्यांची हगादा मिळाली तर बघ. वल्हांडण सणाच्या रात्री वाचायचं हे पुस्तक. हिब्रूसोबत मराठी भाषांतर, आणि चित्रात बिनखमिराची भाकर करणाऱ्या बायका चक्क साडी नेसलेल्या! बायबलातल्या कथांवर या मंडळींनी मराठीत कीर्तनंही रचली.

तिकडे पोलंड-युक्रेनमध्येही ज्यू शेकडो वर्षं स्लाव शेजाऱ्यांत राहिले. त्यांच्या यिडिशमध्ये स्लाव शब्द मुरले. तरी त्यांच्यावर पुन्हा पुन्हा हल्ले झाले आणि पुढे नाझींनी गावंच्या गावं संपवली. कोकणात असं घडलं नाही. का घडलं नाही? ‘आपण सहिष्णू’ एवढ्यानं उत्तर मिळत नाही. जात, धंदा, गावगाडा, सगळं तपासायला हवं. त्यासाठी रशियन-पोलिश कागद वाचू शकेल आणि ज्याला मराठी गावही आतून ठाऊक असेल, असं माणूस लागतं. ते इथूनच निघणार.

मॉस्कोच्या इरिना ग्लुश्कोवा मराठी शिकल्या आणि पंढरीच्या वारीवर त्यांनी संशोधन केलं. त्यांनी आपल्यासाठी एवढे कष्ट घेतले. आता इकडून कुणी तिकडे जायला नको का?

कालिन्याला मुंबई विद्यापीठात रशियन विभाग आहे, जायला डहाणू लोकल आहे. पहिल्या वर्षाची फी मी भरते. शिष्यवृत्तीचं पुढे बघू, दादाची समजूतही मीच काढते. तू अर्ज भर. आणि हिब्रूची अक्षरं आत्तापासूनच गिरवायला घे, यिडिशही त्याच लिपीत लिहितात.

तुझी,
आत्या